मोड आलेलें धान्य : स्वयंपाकघरांत आणि गोठ्यांत

रात्रीं निजण्यापूर्वीं वाटीभर मटकी पाण्यांत भिजत घालावी, सकाळीं ती उपसून ओल्या फडक्यांत घट्ट बांधावी आणि दुसऱ्या दिवशीं पुरचुंडी सोडून पाहावें, तों प्रत्येक दाण्याच्या कुशींतून पांढरा शुभ्र मोड बाहेर आलेला दिसतो. महाराष्ट्रांतील घरांत हा प्रकार इतका नित्याचा आहे कीं, त्यांत नवल करण्यासारखें कांहीं आहे हेंच कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मटकीची उसळ, मुगाची उसळ, कडव्या वालांचें बिरडें हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आणि त्यांच्यासाठीं कोणाला शास्त्राचा आधार शोधावा लागला नाहीं.

परंतु अलीकडे या जुन्या पदार्थाभोंवतीं दोन नवे समज उभे राहिले आहेत. पहिला असा कीं, मोड शिजविल्यानें त्यांचें सारें सत्त्व नाहींसें होतें, म्हणून ते कच्चेच खावे. दुसरा असा कीं, तबकांत धान्य रुजत घातलें म्हणजे आठ दिवसांत एका किलोचे सहा किलो होतात, म्हणून जनावरांच्या वैरणीचा प्रश्न सुटल्यासारखाच आहे. दोन्ही समजांत सत्याचा अंश आहे. आणि अर्धें सत्य निव्वळ असत्यापेक्षांहि अधिक फसवें असल्यामुळें, मोड येतांना दाण्यांत नेमकें काय घडतें हें समजून घेणें अगत्याचें आहे.

कोरडा दाणा दिसावयास निर्जीव दिसला तरी तो मेलेला नसतो, निजलेला असतो. त्याच्यांत पाण्याचा अंश शेंकडा दहा-बारा इतकाच असल्यामुळें त्याचे सर्व व्यवहार जवळजवळ थांबलेले असतात. भिजलेल्या मुगाचें साल काढून दाणा उकलला तर दोन जाड दळें दिसतात. त्यांना बीजपत्रें म्हणतात. भावी रोपट्याची शिदोरी ती हीच. दोन्ही दळांच्या सांध्यापाशीं एक बारीक अंकुर चिकटलेला असतो. रोपटें व्हावयाचें तें त्याचें. गहूं, जव, मका, नाचणी या एकदल धान्यांत ही शिदोरी दाण्याच्या पिठूळ गाभ्यांत साठविलेली असते. डाळीला मोड येत नाहींत याचें कारण यावरून उघड होईल. भरडतांना अंकुर तुटून जातो आणि मागें राहते ती केवळ शिदोरी, प्रवासी नव्हे.

पाणी मिळतांच दाणा फुगतो आणि अंकुर जागा होतो. जव किंवा गहूं यांच्या दाण्यांत हा अंकुर जिबरेलिन नांवाचें द्रव्य सोडतो. तें गाभ्याभोंवतींच्या पातळ थरास जाऊन पोंचलें कीं, तो थर विकरें तयार करूं लागतो. विकर म्हणजे स्वतः खर्ची न पडतां एका द्रव्याचें दुसऱ्यांत रूपांतर घडवून आणणारा पदार्थ. अमायलेज नांवाचें विकर पिष्टाच्या लांब सांखळ्या तोडून त्यांची साखर करतें. दुसरीं विकरें प्रथिनांचे लहान तुकडे करतात. फायटेज हें विकर फायटिक आम्ल फोडतें. हें आम्ल लोह व जस्त यांना जखडून ठेवणारें असल्यामुळें, तें कमी झालें म्हणजे हीं खनिजें शरीरास अधिक सुलभतेनें मिळतात. कडधान्यें खाल्ल्यानें पोटांत वायु धरतो, त्यास बव्हंशीं रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा कारण होत. त्याहि मोड येतांना बऱ्याच खर्च होतात. सारांश, कोठार उघडतें आणि बांधलेला माल सुटा होऊं लागतो. मात्र येथें एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावयास हवी. माल सुटा होतो. तो वाढत नाहीं. उलट, अंकुर जागा झाला म्हणजे त्याचा श्वासोच्छ्वास चालू होतो आणि त्यासाठीं शिदोरींतला कांहीं भाग जळून जातो. पुरचुंडींत हात घातला असतां जी ऊब लागते, ती या ज्वलनाचीच.

याच ज्ञानांतून पुरचुंडी बांधण्याच्या जुन्या रीतीचें मर्म कळतें. अंकुरास पाणी, हवा आणि ऊब या तिन्ही गोष्टी लागतात. भिजत घालण्याचा काळ आठ ते बारा तासांचा. त्यापुढेंहि दाणे पाण्यांतच बुडून राहिले, तर हवेवांचून ते गुदमरतात व आंबतात. म्हणून पाणी ओतून टाकून ओल्या फडक्यांत बांधावयाचे. फडक्यांतून हवा जाते, ओल टिकते आणि दाण्यांनीं स्वतःच निर्माण केलेली ऊब आंत राहते. पुण्यास वैशाखांत दहा-बारा तासांत मोड येतात, तर पौषांत त्याच मटकीला दुप्पट वेळ लागतो. गृहिणी तेव्हां पुरचुंडी डब्यांत झांकून चुलीच्या उबेला ठेवते.

आतां मोडांपासून मिळतें काय, हें पाहूं गेल्यास सर्वांत मोठा लाभ जीवनसत्त्व 'क' याचा. कोरड्या कडधान्यांत तें जवळजवळ नसतेंच. मोड येतांना तें नव्यानें निर्माण होतें. या शोधाची कथा मोठी बोधप्रद आहे. सन १७६८ मध्यें कॅप्टन कुक 'एन्डेव्हर' जहाजांतून सफरीस निघाला, तेव्हां त्यानें मोड आणून भट्टींत वाळविलेले जव, म्हणजे मॉल्ट, बरोबर घेतले होते. हिरड्या सुजून त्यांतून रक्त वाहूं लागणें हें ज्याचें लक्षण, त्या स्कर्व्ही रोगावर मॉल्टचा काढा गुणकारी ठरेल, अशी तत्कालीन वैद्यांची अपेक्षा होती. कुकनें काढ्याची प्रशंसाहि केली. पण पुढें तो निरुपयोगी ठरला. मोडांत उत्पन्न झालेलें जीवनसत्त्व भट्टीच्या उष्णतेंत व दीर्घ साठवणींत नाहींसें झालेलें असे. कल्पनेंत चूक नव्हती. चूक वाळविण्यांत होती.

ताज्या मोडांची परीक्षा पुढें विसाव्या शतकांत झाली. १९१२ मध्यें नॉर्वेंत फ्यूर्स्ट यानें गिनीपिग प्राण्यांवर प्रयोग करून मोड आलेल्या दाण्यांचा स्कर्व्हीनाशक गुण दाखविला. पहिल्या महायुद्धांत या प्रश्नास फार निकडीचें रूप आलें. इराकांतील कुत-अल-अमारा येथें डिसेंबर १९१५ पासून वेढ्यांत सांपडलेली फौज २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेली. त्या फौजेंतील हिंदी शिपायांत स्कर्व्हीनें मोठा कहर केला होता. ताजी भाजी नव्हती, आणि घोड्याचें मांस खाणें त्यांतील बहुतेकांना दीर्घकाळ मान्य झालें नाहीं. १९१८ मध्यें विल्टशायर या डॉक्टरानें सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याचा उपाय करून पाहिला. तो लिंबाच्या रसाहून उणा ठरला नाहीं. १९१९ मध्यें लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्यें हॅरिएट चिक व मॅरियन डेल्फ या दोन विदुषींनीं कोरडे दाणे आणि मोड आलेले दाणे यांची पद्धतशीर तुलना केली. कोरड्या दाण्यांनीं स्कर्व्ही टळत नाहीं, मोड आलेल्यांनीं टळते, असें त्यांस आढळलें. पुढें १९३८ ते १९४० च्या दुष्काळांत, त्या वेळच्या पंजाब प्रांतांतील हिस्सार जिल्ह्यांत, याच कारणासाठीं मोड आलेले हरभरे लोकांस देण्यांत आले. जेथें हिरवें पान दृष्टीस पडत नाहीं, तेथें पसाभर हरभरा आणि घागरभर पाणी एवढ्यावर माणसाचे प्राण वांचूं शकतात, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु दुष्काळांतील माप भरल्या घरास लावणें बरोबर होणार नाहीं. मुगाच्या लांब मोडांत शंभर ग्रॅममागें सुमारें १३ मिलिग्रॅम जीवनसत्त्व 'क' असतें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० मध्यें ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषास दररोज ८० व स्त्रीस ६५ मिलिग्रॅमची आवश्यकता आहे. म्हणजे वाटीभर मोडांनीं गरजेचा अल्पसा भाग भागतो. एका पेरूनें किंवा एका आंवळ्यानें ती सबंध भागते. प्रथिनांविषयींहि असाच गैरसमज आढळतो. मोड आणल्यानें प्रथिनें कितीतरी पटींनीं वाढतात, असें सांगण्यांत येतें. वस्तुतः शंभर ग्रॅम कोरड्या मुगांत सुमारें २४ ग्रॅम प्रथिनें असतात, तर शंभर ग्रॅम लांब मोडांत जेमतेम ३ ग्रॅम. प्रथिनें कोठें गेलीं नाहींत. त्यांच्यांत पाणी मिसळलें. मूठभर मुगाची पातेलेंभर उसळ झाली, तरी खाणाऱ्याच्या पोटांत मूळच्या मुठीएवढींच प्रथिनें जातात. मात्र तीं पचावयास हलकीं झालेलीं असतात. बी-१२ हें जीवनसत्त्व मोड आणल्यानें मुळींच उत्पन्न होत नाहीं, हेंहि शाकाहारी कुटुंबांनीं लक्षांत ठेवावें.

मोडांचा याहूनहि मोलाचा एक उपयोग आहे, आणि तो घरांतील सर्वांत लहान माणसासाठीं आहे. सहा महिन्यांच्या बाळास वरचें अन्न सुरू करतांना पेज दिली जाते. पिष्ट शिजलें म्हणजे फुगतें. म्हणून पेजेंत पीठ जास्त घातलें तर ती घट्ट होते व बाळास गिळवत नाहीं, आणि पातळ केली तर चिमुकलें पोट पाण्यानेंच भरतें. बाळ पोटभर जेवतें आणि तरीहि त्याचें वजन वाढत नाहीं. या अडचणींतून वाट काढतें तें मोड आलेल्या धान्याचें पीठ. घट्ट शिजविलेल्या पेजेंत, ती उकळी उतरून कोमटाहून बरीच ऊन असतांना, असें एक लहान चमचा पीठ ढवळलें तर थोड्याच मिनिटांत पेज पातळ होते. कारण पिठांतील अमायलेज फुगलेल्या पिष्टाच्या सांखळ्या तोडतें. पाणी वाढविलें नाहीं, पीठ कमी केलें नाहीं, तरी घांस सहज गिळतां येतो. त्यानंतर पेजेस पुन्हा एक उकळी द्यावी म्हणजे ती निर्धोक होते. १९८० नंतरच्या दशकांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत तारा गोपालदास व त्यांचे सहकारी यांनीं या विषयावर महत्त्वाचें संशोधन केलें.

महाराष्ट्रांतील नाचणीचें सत्त्व याच तत्त्वावर उभें आहे, आणि नाचणी तर या कामीं विशेष गुणाची. ती धुऊन रात्रभर भिजत घालावी. फडक्यांत बांधून एक ते दोन दिवस मोड येऊं द्यावे. मग स्वच्छ कपड्यावर पसरून खडखडीत वाळवावी. वाळल्यावर हातानें चोळून मोड झाडून टाकावे, किंचित् भाजावी आणि दळावी. भाजणें अगदीं बेताचें हवें. खमंग वासाच्या मोहानें ती लाल होईतों भाजली, तर विकर जळून जातें आणि सत्त्वाचें साधें पीठ होतें. कुकच्या मॉल्टमध्यें 'क' जीवनसत्त्व राहिलें नव्हतें, तसें तें या सत्त्वांतहि राहत नाहीं. पण येथें काम विकराचें असल्यामुळें त्यानें बिघडत नाहीं.

आतां कच्चे मोड खाण्याचा प्रश्न. मे २०११ मध्यें उत्तर जर्मनींत लोक अकस्मात् रक्तमिश्रित अतिसारानें आजारी पडूं लागले. आरंभीं स्पेनहून आलेल्या काकड्यांवर आळ आला, पण तो खोटा ठरला. अखेरीस तपास लोअर सॅक्सनी प्रांतांतील मोड तयार करणाऱ्या एका मळ्यापर्यंत पोंचला. आणि तेथून मागें जातां, इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या दाण्यांकडे सर्व पुरावा बोट दाखवूं लागला. सुमारें ३,८०० लोक आजारी पडले, शेंकडोंचीं मूत्रपिंडें बिघडलीं आणि ५० हून अधिक माणसें दगावलीं. रोगाचें कारण होतें ई. कोलाय जातीचा एक घातक जंतु.

यांत मळ्याची अस्वच्छता हेंच कारण असलें पाहिजे असें नाहीं. जंतु दाण्याबरोबरच येतात. शेतांतील शेणखत, गढूळ पाणी, कोठारांतील उंदीर यांच्या संसर्गानें ते दाण्याच्या सालीवरील सूक्ष्म भेगांत शिरून बसतात, आणि कोरड्या दाण्यावर महिनोन्‌महिने तग धरतात. कितीहि धुतलें तरी ते सगळे निघत नाहींत. मग ओल, ऊब आणि सुटी झालेली साखर यांची सोय आपणच त्यांना करून देतों. ज्या पुरचुंडींत अंकुर वाढतो, तींत जंतुहि वाढतात, आणि अंकुराहून कितीतरी वेगानें. पुन्हा असे मोड दिसण्यांत किंवा वासांत बिघडलेले असतातच असें नाहीं. बुळबुळीत झालेले, आंबूस वासाचे मोड फेंकून द्यावे हें खरें. परंतु जे सुवासिक व टवटवीत आहेत ते निर्दोष असतील, ही खात्री नाक देऊं शकत नाहीं.

ही खात्री अग्नि देतो. वाफ येईतों शिजविलेल्या उसळींत हे जंतु उरत नाहींत. शिजवितांना 'क' जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो, हें कबूल केलें पाहिजे. पण तो मुळांतच थोडा होता, आणि ताटांतील उसळीवर लिंबाची फोड पिळली कीं ती उणीव भरून निघते. त्याच लिंबामुळें उसळींतील लोह शोषून घेण्यास शरीरास मदत होते. तेव्हां थोड्याशा जीवनसत्त्वासाठीं कच्च्या मोडांचा धोका पत्करण्यांत व्यवहार दिसत नाहीं. लहान मुलें, गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसें यांनीं तर ते वर्ज्यच करावे. राजमा मात्र कोणीच कच्चा खाऊं नये. त्यांत लेक्टिन नांवाचें विषारी द्रव्य असतें. मोड आणल्यानें त्याचा भरंवशानें नाश होत नाहीं, चांगली खळखळून उकळी दिल्यानेंच होतो. पेरणीसाठीं विकत मिळणारें बियाणें बहुधा कीडनाशक औषध लावलेलें असतें. तें मोड आणण्यासाठीं कधींहि वापरूं नये.

मोडांची घरगुती रीत सोपी आहे. दाणे निवडून तीन-चार वेळां धुवावे. भिजविण्यास पिण्याचें पाणी वापरावें. फडकें प्रत्येक वेळीं उकळत्या पाण्यांतून काढून उन्हांत वाळवावें. मोड दाण्याएवढे लांब झाले कीं लगेच शिजवावे. त्याच दिवशीं शिजविणें नसेल तर शीतकपाटांत ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे.

राहिला गोठ्याचा विचार. नवरात्रांत घटाभोंवतीं मातींत धान्य रुजत घालतात, आणि नऊ दिवसांत त्याचे वीतभर तुरे होतात, हें प्रत्येकानें पाहिलें आहे. आठवड्याचा हिरवा चारा म्हणजे बिनमातीचा घटच म्हणावा. मका किंवा जव बारा ते चोवीस तास भिजवून, एक दिवस ओल्या गोणपाटांत ठेवून, मग तळाला भोंकें असलेल्या तबकांत बोटभर जाडीचा थर पसरतात. दिवसांतून अनेकदां पाणी शिंपडतात. सातव्या-आठव्या दिवशीं मुळांची घट्ट चटई आणि तिच्यावर वीतभर हिरवी पात तयार होते. जनावर ती मुळांसकट आवडीनें खातें. युरोपांत अशा चाऱ्याचा गाजावाजा १९३० नंतर बराच झाला होता, आणि १९३९ मध्यें स्कॉटलंडांतील इसाबेला लीच यांनीं तोंवरच्या प्रयोगांचा साधकबाधक आढावा घेतला. गोव्यांत भारतीय कृषि संशोधन परिषदेच्या केंद्रानें मक्यावर प्रयोग केले. तेथें एक किलो मक्यापासून सात दिवसांत पांच ते सहा किलो ओला चारा मिळाला.

हा आंकडा खरा आहे; पण तो काट्यावर ठेवून पाहावयास हवा. एक किलो मक्यांत कोरडा अंश सुमारें ८८० ग्रॅम असतो. साडेपांच किलो चाऱ्यांत तो शेंकडा तेरा-चौदा धरला, तर साधारण ७५० ग्रॅम भरतो. उरलेलें सव्वाशे-दीडशें ग्रॅम धान्य अंकुरानें श्वासांत जाळलें आणि थोडें पाण्याबरोबर वाहून गेलें. जी चार-साडेचार किलोंची वाढ दिसते ती नळाच्या पाण्याची. आठ दिवसांच्या रोपास उन्हापासून नवें अन्न घडविण्यास पुरेसा अवधि मिळालेला नसतो; तें शिदोरीवरच जगलेलें असतें. उसळीच्या पातेल्यांत जो हिशेब, तोच तबकांत.

मग या चाऱ्याचा उपयोग नाहींच काय? आहे, पण पुरवणी म्हणून. हिरव्या पातींतून जनावरास 'अ' जीवनसत्त्वाचें पूर्वद्रव्य व 'ई' जीवनसत्त्व मिळतें; रुक्ष कडब्याबरोबर तो दिल्यास कडबाहि चवीनें खाल्ला जातो. जेथें जमीन नाहीं, तेथें दोन-चार तबकांवर कोंबड्या, ससे किंवा एखादी शेळी यांना रोज हिरवा घांस देतां येतो. परंतु २०१२-१३ सारख्या दुष्काळांत, जेव्हां महाराष्ट्रांत जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हां भुकेल्या गुरांचें पोट भरावयास लागते ती कोरडी वैरण. आणि तबकांतून ती निर्माण होत नाहीं. ज्याच्याजवळ मोजकेंच धान्य आहे, त्यानें सारें धान्य तबकांत घालून पाण्यानें वजन वाढविलें तर जनावराचें पोषण वाढत नाहीं. धन्याचा खर्च व श्रम मात्र वाढतात.

गोठ्यासाठीं दोन सूचना जिवाच्या मोलाच्या आहेत. ज्वारी तबकांत कधींहि रुजवूं नये. तिच्या कोवळ्या कोंबांत असें द्रव्य असतें कीं, तें चावतांच त्यांतून प्रुसिक आम्ल हें जालीम विष सुटतें, आणि जनावर तडकाफडकीं मरूं शकतें. दुसरें, तबकावर बुरशी दिसली तर सबंध चटई फेंकून द्यावी. वरचा भाग खरवडून उरलेला घालूं नये. ॲस्परजिलस क्लॅव्हेटस नांवाची बुरशी अशा रुजलेल्या धान्यावर वाढते, आणि तिच्या विषानें गुरांना कंप सुटून तीं लुळीं पडल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. तबकें दर खेपेस घांसून, धुऊन, उन्हांत वाळवावीं.

जुन्या गृहिणीच्या रीतींत तीन क्रिया होत्या : भिजविणें, बांधणें आणि शिजविणें. पहिल्या दोहोंनीं दाणा सुटा, हलका व पाचक होतो. तिसरीनें तो निर्धोक होतो. नव्या काळानें पहिल्या दोन क्रियांची थोरवी प्रयोगांनीं सिद्ध केली, हें चांगलेंच झालें. तिसरीची थोरवी जर्मनींतील त्या दुर्दैवी घरांना फार मोठी किंमत देऊन कळली. महाराष्ट्रांतील घरांना ती पूर्वींपासून ठाऊक आहे. कच्च्या मोडांची नवी आवड जडली तरी ती विसरण्याचें कारण नाहीं.